तीन बोटांचा संकासूर

सीताराम पाष्टे यांची आणि माझी ओळख पडद्यांमुळे झाली. पहिले दोन महिने ती ओळख म्हणजे माझ्या बाजूने निव्वळ संशय होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा मी व्यवस्थापक. बी.कॉम. झाल्यावर कारकून म्हणून लागलो, आता निवृत्तीला आठ महिने उरलेत. आमच्या सभागृहाचे पडदे जमिनीवर लोळत होते. ते आखूड करायला आमच्या ग्रंथपाल मेघना यांनी घोडपदेवहून एक शिंपी बोलावला. बुटका, सत्तरीला टेकलेला, गळ्यात टेप, शर्टाच्या खिशात खडू. तरुणपणी पाच-सहा वर्षं गिरणीत बदली कामगार. संपानंतर लालबागच्या एका दुकानात शाळेचे गणवेश कापायला लागले ते चौतीस वर्षं. आता घरीच शिवतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की पडद्यांचं माप घ्यायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि जिना उतरायला चाळीस.

जिन्याच्या वळणावर एक चित्र आहे. तीन फूट बाय चार फूट, तैलरंगातलं, १९६१ सालचं. नोंदवहीत त्याचं नाव ‘नाचणारा विदूषक’. क्युबिझम नावाच्या पद्धतीचं चित्र आहे, असं कलाशाळेचे एक प्राध्यापक सांगून गेले होते. या पद्धतीत वस्तूचे तुकडे करून तिच्या सगळ्या बाजू एकाच वेळी दाखवतात म्हणे. मला विचाराल तर काळे त्रिकोण, त्यांच्यातून गेलेला एक लाल पट्टा, वर उंच सुळक्यासारखी टोपी, मध्ये विदूषकाचा पांढरा बो आणि उजवीकडे केरसुणीसारखं काहीतरी. डावीकडे वर उचललेला एक हात, त्याला तीनच बोटं. त्या बोटांवर प्राध्यापक बराच वेळ बोलले होते. विघटन, वास्तवाला नकार वगैरे. मी मान डोलावली होती. मनात म्हटलं होतं, चित्रकाराला कंटाळा आला असेल.

तर सीताराम या चित्रासमोर चाळीस मिनिटं उभे होते. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. पडद्यांचं काम संपलं होतं. सभासद ते नव्हते. दाराशी येणाऱ्यांची वही असते, तिच्यात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : चित्र बघणे. माझ्या नोकरीत त्या रकान्यात हे दोन शब्द कुणी लिहिलेले मला आठवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच जिन्यातली पितळी समई नाहीशी झाली होती. मी पहारेकऱ्याला सांगून ठेवलं, याच्यावर नजर ठेव.

तिसऱ्या गुरुवारी मी स्वतःच वरच्या पायरीवर उभा राहून पाहिलं. सीतारामांनी गळ्यातला टेप काढला होता आणि चित्रासमोर धरून ते काहीतरी मोजत होते.

“चित्राला हात लावायचा नाही,” मी वरूनच म्हणालो.

“हात कुठं लावतोय, साहेब? हवेतच मोजतोय.”

“कशासाठी?”

“खांदा बघत होतो. डावा खांदा अर्धा इंच खाली हाय याचा.”

“चित्रातल्या माणसाचा?”

“मग कुणाचा? तुमचा बघू काय? तुमचा उजवा खाली हाय. बॅग लटकवता ना त्या खांद्याला?”

लटकवतो. पण त्यामुळे संशय कमी न होता वाढला. इतक्या बारकाईने पाहणारा माणूस उगाच पाहत नाही. मी त्यांना खाली कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, की तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

“एक चिठ्ठी पायजे,” ते म्हणाले. “वाचनालयाच्या कागदावर, शिक्का मारून. या चित्रातल्या माणसाला तीन बोटं हायत, एवढंच लिहून द्या. आणि साल. एकसष्ट.”

“बस्स?”

“बस्स.”

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे : ‘एवढंच’ म्हणून मागितलेल्या कागदाचा उपयोग कधीही एवढाच नसतो. मी म्हटलं, कारण कळल्याशिवाय काही मिळणार नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव गुहागर तालुक्यात. तिथे शिमग्यात संकासूर निघतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर काळा मुखवटा, त्याला पांढरी दाढी, कमरेला लाल पट्टा आणि घुंगरं, हातात दोरीचा आसूड. तो पोरांच्या मागे धावतो, बायांच्या घोळक्यात शिरतो, माकडचेष्टा करतो; पण लोक त्याच्या पायाही पडतात, नवस बोलतात. सोंग अंगावर असेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही आणि आत कोण होतं, हे नंतरही तोंडाने सांगायचं नसतं. १९६१ मध्ये गिरणीतून रजा मिळाली नाही म्हणून गावचे चाकरमानी परळच्या मैदानात संकासूर नाचले. तेव्हापासून गावाने मुंबईकरांना एक दिवसाचा मान दिला : धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीचा संकासूर मुंबईचा. त्या पहिल्या साली ज्याने तो अंगावर घेतला, त्याच्या घराण्याकडे तो कायमचा.

“आणि तो तुमच्या वडिलांनी घेतला होता?”

“भिकू पाष्टे. माझा बाबा. पण चुलतघराणं सांगतं, त्यांच्या बापानं घेतला. साठ वर्षं तेच नाचतायत. आता माझा चुलतभाऊ रामू नाचतो. मी गेल्या साली आमच्या गावाच्या मुंबई मंडळात उठून बोललो, तर म्हणाले, पुरावा आण. तोंड झाकलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणू?”

“मग तुम्हाला तरी कसं माहीत?”

“मी सहा वर्षांचा होतो. परळच्या मैदानात संकासूर अंगावर आला तशी सगळी पोरं पळाली. मी पण पळणार, तेवढ्यात आसूड धरलेला हात बघितला. तीन बोटं. बाबाची दोन बोटं गिरणीत गेलेली, एकोणसाठ साली. मी ओरडलो, बाबा! तो काय बोलला नाय. बोलायचं नसतं ना. माझ्या पाठीवर हळूच आसूड मारला आणि गेला पुढं. मरेपर्यंत त्यानं सांगितलं नाय, आणि मी विचारलं नाय.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “मला एकदाच घालायचाय तो. एकोणसत्तर चालू हाय, साहेब. पुढच्या साली गुडघे हो म्हणतील का, कुणास ठाऊक.”

गोष्ट चांगली होती. मला चांगल्या गोष्टींचा विशेष संशय येतो. चित्रात तीन बोटं पाहिल्यावर वडिलांची दोन बोटं कापायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, बोटं गेल्याचा काही कागद आहे?

पुढच्या गुरुवारी ते कागद घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, पिवळा पडलेला. गिरणीच्या दवाखान्याचा दाखला. इंग्रजीत टाइप केलेला. मी तो दोनदा वाचला. १९५९, भिकू पाष्टे, अनामिका आणि करंगळी. डावा हात.

मी उठलो. “चला,” म्हणालो, आणि त्यांना जिन्याच्या वळणावर घेऊन गेलो. मेघनाबाईही मागोमाग आल्या.

“हा हात बघा,” मी चित्रातल्या तीन बोटांच्या हाताकडे बोट दाखवलं. “हा आपल्या डाव्या बाजूला आहे. समोरच्या माणसाचा आपल्या डावीकडे असतो तो त्याचा उजवा हात. तुमच्या कागदात डावा लिहिलाय.”

खरं सांगतो, पकडलं याचा मला आनंद झाला होता.

सीतारामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गणवेशाचं कापड उलटं धरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

“साहेब, हा पाठमोरा हाय.”

“पाठमोरा कसा? गळ्यात बो आहे.”

“बो? संकासुराला बो? बाई, तुम्ही सांगा, मुखवटा तोंडावर कसा ऱ्हातो?”

“मागे बांधून,” मेघनाबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, “अरे देवा. ही गाठ आहे.”

“मुखवट्याच्या नाड्या. मानेवर बांधलेली गाठ. त्याच्याखाली बघा, हा जोड दिसतो? पाठीच्या मधोमध जातो तो. पुढं काजा-बटणांची पट्टी असती. आणि तुम्ही ज्याला काय म्हणता ते, तिकडं उजवीकडं?”

“केरसुणी,” मी म्हणालो.

“ती दाढी. तोंड वळून बघतंय, पाठ इकडं. गिरकी घेतोय तो, साहेब. गिरकीत माणूस पुढून पण दिसतो, मागून पण दिसतो. यात न कळण्यासारखं काय हाय? मी चौतीस वर्षं कापड कापलं. टेबलावर माणूस असाच पडलेला असतो. पाठ इथं, छाती तिथं, बाही तिसरीकडं. आम्हाला तो अख्खाच दिसतो.”

मी चित्राकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत दिवसातून चारदा तरी मी त्याच्यासमोरून गेलो असेन. बो एकदा गाठ झाला, की पुन्हा बो होईना. काळे त्रिकोण पाठीला चिकटले. पाठ असेल तर डावीकडचा हात डावाच.

मेघनाबाई हसत होत्या. मला हसू आलं नाही. चित्र कळणं वेगळं आणि कागद देणं वेगळं. आमच्या चिटणीसांना फोन केला तर ते म्हणाले, “काहीएक लिहून देऊ नका. आज बोटं म्हणतोय, उद्या चित्रच आमच्या बापाचं म्हणेल.” हे माझ्याही मनात आलं होतं. मी सीतारामांना नकार कळवला.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्याच दुपारी मी १९७४ ची देणग्यांची फाईल काढली होती. चित्रकाराच्या बहिणीने चित्र वाचनालयाला देताना लिहिलेलं पत्र तिच्यात आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘माझ्या भावाने परळच्या मैदानात शिमग्याच्या दिवसांत पाहिलेल्या एका सोंगावरून हे चित्र केले.’ ते वाक्य वाचून मी फाईल बंद केली. सीतारामांना हे वाक्य आधीपासून माहीत असेल तर? त्यावरूनच सगळी गोष्ट रचली असेल तर? फाईल माझ्या कपाटाबाहेर कधी गेलेली नाही, हे मला माहीत होतं. तरी शंका आली.

सीताराम म्हणाले, “चिठ्ठी नको तर नको. तुम्ही स्वतः या. रविवारी सकाळी धा वाजता मंडळाची बैठक हाय, लालबागला. तोंडी सांगा. तोंडाला काय शिक्का लागत नाय.”

मी गेलो. मदत करायला गेलो असं कुणी समजू नये. अशी बैठक खरोखर असते का, ते बघायला गेलो. मेघनाबाईंनी चित्राचा मोठा रंगीत फोटो काढून दिला होता. देणगीपत्राची नक्कल मी खिशात ठेवली होती. दाखवायची की नाही, हे ठरवलं नव्हतं.

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्या गावाची खोली आहे. गावाहून येणाऱ्या माणसाने उतरायची ती जागा. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर नावं घातलेल्या ट्रंका. तीसेक पुरुष सतरंजीवर बसले होते आणि दाराजवळ एक म्हातारी बाई. मी शिरलो तशी सगळ्यांची बोलणी थांबली.

“हे कोण? वकील आणलास काय रे, सीताराम?” पुढे बसलेल्या दणकट माणसाने विचारलं. तोच रामू. वय पासष्टच्या आसपास.

“वाचनालयाचे साहेब हायत.”

“आम्ही कुठं पुस्तकं मागवली?”

हशा झाला. मी फोटो उलगडून मध्ये ठेवला. माणसं पुढे सरकली, मान वाकडी करकरून बघू लागली.

“यात माणूस कुठं हाय?”

“वरून पडून फुटलेला दिसतो.”

“रामूदादा, तुझी दाढी बघ, बाजूला काढून ठेवलीय!”

सीतारामांनी टेपचं टोक टेकवून दाखवायला सुरुवात केली. गाठ, पाठीचा जोड, दाढी, हात. दवाखान्याचा दाखलाही फिरवला. हशा हळूहळू विरला. पण रामू हलला नाही.

“गिरणीत बोटं गेलेले शंभर होते तेव्हा. आणि हा संकासूर कशावरून? विदूषक असंल सर्कशीतला. चित्रं काढणारे काय, कुठं पण बसून काढतात.” मग माझ्याकडे वळला. “साहेब, तुमच्या कागदात काय नाव हाय याचं?”

“विदूषक,” मी म्हणालो. खोटं बोलता येत नव्हतं.

“झालं!”

सीताराम माझ्याकडे बघत नव्हते. ते टेप गुंडाळत होते, बोटाभोवती, अगदी व्यवस्थित. मला वाटतं, त्या गुंडाळण्यामुळेच मी खिशात हात घातला. रचलेली गोष्ट मोडली तर माणूस भांडतो. हा टेप गुंडाळत होता. मी बहिणीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. परळचं मैदान, शिमगा, सोंग. चित्रावर साल एकसष्ट.

सीतारामांनी मान वर केली. “हे तुमच्याकडं होतं?”

“होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला आवडली नाही, पण मला ती मिळायलाच हवी होती.

रामू मात्र आणखी चिडला. “बरं, संकासूर. परळचा. एकसष्टचा. मग तो माझा बाबाच! आम्ही तेच म्हणतोय साठ वर्षं. पाच बोटं काढायचा कंटाळा केला असंल त्यानं!”

हे ऐकून मला दचकायला झालं. माझंच मत होतं ते.

“बघू हिकडं,” दाराजवळची म्हातारी म्हणाली.

ती शेवंतीबाई, रामूची आई. शहाऐंशी वर्षांची. मुलगा नातवंडांना घेऊन नालासोपाऱ्याला राहायला गेला, तरी ती याच चाळीत तळमजल्यावर राहते. फोटो तिच्याकडे गेला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. तिने बोटांकडे पाहिलंही नाही.

“ही गाठ माझी हाय,” ती म्हणाली.

“आये, काय बोलतेस?”

“एक पदर लांब, एक आखूड. मी डावखुरी. माझी गाठ आशीच पडते, उलटी. ह्या चाळीच्या जिन्यात बांधली मी. भिकूभावजींना तीन बोटांनी मानेमागं बांधाया येईना, त्यांची बायको बाळंतपणाला गावाला गेलेली. बाईनं त्या सोंगाला हात लावायचा नसतो, म्हणून कुणाला बोलले नाय.”

“आणि बाबा?”

“सोंग तुझ्या बाबानं घ्यायचं ठरलेलं, पण तो रुसला व्हता. नारळ आधी कुणी फोडायचा, त्यावरून. खोलीत कडी लावून बसला. सगळे खाली खोळंबलेले. भावजींनी गपचूप सोंग घेतलं, ढोल वाजाया लागला, मग कोण विचारतो आत कोण हाय? दुसऱ्या दिवशी सगळे तुझ्या बाबाच्या पाया पडाया लागले. तो नको म्हणाला नाय. भावजींनी तोंड उघडायचं नसतं. तुझ्या बाबानं मला देवीची शपथ घातली.”

“मग आज का सांगतेस?”

“तो गेला त्याला आठ वर्षं झाली. शपथ किती दिवस पुरंल? आणि मला कवा कुणी इचारलं?”

मी रामूच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आता हा आईलाच खोटं पाडेल, असं मला वाटत होतं. त्याने फोटो तिच्या हातातून घेतला आणि गाठीवर अंगठा ठेवून बराच वेळ बघितला. मग आईच्या कमरेला खोचलेल्या बटव्याकडे बघितलं, त्याच्या नाड्यांची गाठ तशीच उलटी होती, तिची तिने मारलेली. त्याने फोटो खाली ठेवला.

“सीताराम, नाचता येतं काय तुला?” त्याने विचारलं. आवाज अजून घोगराच होता. “मान मिळाला म्हणजे झालं नाय. चार तास उन्हात. तोंडावर मुखवटा. श्वास मिळत नाय आत. लोकांसमोर पडलास तर पिढ्या हसतील आपल्याला.”

“येतं.”

“कुठं शिकलास?”

“घरी. मशीनच्या मागं. दार लावून.”

“कर बघू गिरकी.”

माणसं भिंतीला सरकली. चहाचे कप उचलले गेले. सीतारामांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, टेप कमरेला बांधला आणि सतरंजीच्या मध्ये उभे राहिले. डावा हात वर गेला. पहिली गिरकी इतक्या झपकन झाली की दाराकडची माणसं चकित झाली. दुसऱ्या गिरकीत अर्ध्यावर गुडघा लचकला. ते तिरपे झाले आणि रामूने बसल्या जागेवरून हात टाकून त्यांना दंडाला धरलं. क्षणभर दोघे तसेच राहिले.

“टाच टेकवतोस तू,” रामू म्हणाला. “म्हणून जातोस. चवड्यावर घे. उद्यापासून सकाळी सातला इथं ये. पंधरा दिवस हायत.”

“तू शिकवणार?”

“मग कोण, हे साहेब?”

“गुडघा नाय राहिला तर?”

“मी ढोलाशी असंन. तुझा तोल जाताना दिसला की जोरात वाजवीन, लोकांना वाटंल नाचातच हाय.” मग तो आईकडे वळला. “आणि आये, गाठ तूच मार. चोरून नको, सगळ्यांसमोर.”

शेवंतीबाई म्हणाल्या, “गावाला यायचं तर मला पुढची शीट पायजे. मागं हादरे बसतात.”